सर्जाची चूक

कळंबच्या माळावर आता बैलगाड्यांची शर्यत व्हत नाय. कमरेएवढं गवत, मधी वळसा घालायचा दगड, आन् शेवटाला बाभळ... बस, एवढंच उरलंय. सुट्टीचा दिवस म्हणून किशोर नोकरीच्या गावाहून, भिवपुरीहून, सहज आपल्या गावचा माळ बघाय आला. बघतो तर दगडावर गावातली जिजा बसलेली!

"तू... इथं?"

"का रं? माळ तुज्या बापाचा हाय?"

वाऱ्यानं तिची ओढणी उडाली, आन् गडी बघतच राहिला.

"आमच्या रिसॉर्टवर पावणी आलीय," तीच म्हणाली. "तिनं रोमचा फोटो दाखवला. तिथं पूर्वी रथ पळायचे म्हणं. आता नुसतं गवत. तरी लोक लांबलांबून बघाय येत्यात. म्हटलं, आपलंबी हायच की!"

"मंग तिकीट?"

"तुला माफ. हरलेला गडी तू."

किशोर लाजला. हरला व्हताच तो. शर्यतीची रीतच तशी, शेवटाला घरचं माणूस उभं राहून हाक मारतं, आन् बैल त्या आवाजाकडं सुटतात. किशोरचा सर्जा सगळ्यांच्या म्होरं व्हता. डावीकडनं आई हाका मारतेय, उजवीकडं बाभळीखाली जिजा तिच्या बैलांना बोलावतेय, आन् सर्जा गाडी घेऊन थेट जिजाकडं! अख्खा गाव हसला. दहा वर्षं झाली त्याला.

"सर्जा असा कसा चुकला गं?"

"रोज संध्याकाळी तुमच्या गोठ्यात त्याला गूळ कोण घालायचं?"

"तू? सर्जासाठी यायचीस?"

"येडा रं येडा... सर्जासाठी कोण येतंय!"

किशोर दगडाजवळ सरकला. ती गवताकडं बघत हळूच म्हणाली, "रविवारी मला बघाय येणार हायेत. खोपोलीचा मुलगा हाय."

किशोर बुटाच्या टोकानं गवत उकरू लागला. ती उठली, गवत बाजूला सारत चालू लागली. गेली, असंच वाटलं त्याला. पण बाभळीखाली ती थांबली, वळली, आन् दोन्ही हात तोंडाशी धरून तीच जुनी हाक...

"ये रं! ये ये ये...!"

आन् किशोर सुटला की! नव्या बुटांनिशी, गवत तुडवत, धापा टाकत तिच्याम्होरं जाऊन उभा.

तिनं मूठ उघडली. गुळाचा खडा.

"इथं येताना अजून आणते," ती म्हणाली. "सवय."

त्यानं तो तोंडात टाकला. "मंग रविवारचं?"

"तू शनिवारी ये. आईला घेऊन. आन् सर्जासारखा भलतीकडं वळू नको."

"सर्जा भलतीकडं वळलाच नव्हता गं," किशोर म्हणाला. "मलाच दहा वर्षं लागली."