समुद्राच्या तळाशी मोटर

"वायू आहे, मग येत का नाही?" शाल्मलीने विचारलं.

प्रश्न साधा होता, पण तो ऐकून किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या जयमाला आत्याचा चेहरा आणखीच उतरला. समुद्रातली ही वायूची विहीर कॉलेज संपल्यापासून तीच सांभाळत होती. समुद्रतळाशी बसवलेलं नवं यंत्र आज चाललं नाही, तर विहीर सिमेंटने कायमची बुजवायची असं ठरलं होतं.

"येईल कसा? इतकी वर्षं तो स्वतःच्या दाबाने किनाऱ्यापर्यंत धावत यायचा. फुगा रिकामा होत आला की हवेचा जोर ओसरतो ना, तसं झालंय. खडकाखाली वायू अजून भरपूर आहे, पण एवढी लांब नळी पार करायचा दम त्याच्यात उरला नाही."

"मग इथेच किनाऱ्यावर मोठं यंत्र लाव आणि घे ओढून! हाय काय अन् नाय काय!"

आत्याला हसू आलं. "तुझ्या बाबाने गच्चीवर मोटर लावली होती, आठवतं?"

न आठवायला काय झालं! तळातल्या टाकीतलं पाणी ओढायला बाबांनी मोटर थेट पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत बसवली होती. ती नुसतीच घरघरली आणि जळून गेली. नवी मोटर खाली टाकीशेजारी लावली, तेव्हा कुठे पाणी वर चढलं. बाबा अजून तो विषय काढू देत नाहीत.

"ओढायला मर्यादा असते, ढकलायला हवा तेवढा जोर लावता येतो. वायूचंही बरंचसं तसंच. लांबून ओढला तर तो विरळ होतो आणि नळीला घासत वाटेतच दमतो. म्हणून कॉम्प्रेसर (वायू दाबून पुढे ढकलणारं यंत्र) विहिरीच्या तोंडाशीच ठेवला. त्याने ओढून तिथला दाब उतरवला की आतला वायू सहज बाहेर येईल, आणि दाबलेला वायू कमी जागेत मावून पुढे सरकेल."

"पण समुद्राच्या तळाशी दुरुस्तीला कोण जाणार?"

"खेकडा." आत्याने समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. आठ पायांचा एक यंत्रमानव दिवा रोखून कॉम्प्रेसरभोवती फिरत होता.

"जयमालाताई, झडपा उघडल्या. सुरू करू?" त्याचा आवाज आला.

"कर."

किनाऱ्याकडे येणाऱ्या नळीतल्या दाबाचा काटा हलेना. शाल्मलीने आत्याचा हात धरला. मग काटा किंचित थरथरला आणि हळूहळू वर चढू लागला. आत्याचे डोळे भरून आले.

"आता विहीर कधीच बुजवणार नाहीत ना?"

"बुजवतील गं. काही वर्षांनी वायू खरंच संपेल. पण तेवढा वेळ आज मिळाला. तोवर वारा, ऊन, लाटा यांच्यावर घरं चालवायला शिकायचं."

शाल्मली विचारात पडली. "लाटांपासून स्वस्तात वीज कशी करायची, आत्या?"

"ते मलाही अजून नीट येत नाही," आत्या म्हणाली आणि तिने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस. दोघी मिळून बघू."