माफ करा, पोट बोललं

मी दार ढकललं आणि जागच्या जागी थिजले.

खोलीच्या मध्यभागी एक माणूस गुडघे टेकून बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही हातांत शेकायची रबरी पिशवी. त्याने ती पिशवी ओल्या लादीवर हळूच दाबली आणि जो आवाज निघाला ना… तसला आवाज आमच्या घरात कधी कुणी काढला नव्हता. निदान काढल्याचं कबूल तरी केलं नव्हतं.

"ई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने डोळे उघडले. "अरेरे… इतका सुंदर जमला होता. आता शेवटी तुमचा 'ई' आला."

"तुम्ही… तुम्ही हे काय करताय?"

"नोकरी," तो शांतपणे म्हणाला.

मी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बातम्या वाचते. त्या दिवशी एका माहितीपटासाठी निवेदन रेकॉर्ड करायला खाली आले होते आणि चुकून शेजारचं दार उघडलं होतं. बाहेर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला, तोही मला दिसला नव्हता. मला मान खाली घालून निघून जाता आलं असतं. पण भिंतीला टेकलेल्या फळ्यांवर जुने बूट, करवंट्या, वाळूचे ट्रे, सायकलची घंटी, फाटकी छत्री असा सगळा पसारा पाहून माझे पाय तिथेच रेंगाळले.

"हे सगळं कशासाठी?"

"डोळे मिटा, सांगतो."

"अनोळखी माणसासमोर?"

"मी तर तुम्हाला रोज घरात बसून बघतो. अनोळखी तुमच्यासाठी मी आहे. ते फार अन्यायाचं आहे, बातमीबाई."

बातमीबाई! मी रागवायला हवं होतं. पण डोळे मिटले. कानाजवळ एक पक्षी फडफडत गेला, इतक्या जवळून की मानेवर वारा लागला. डोळे उघडले तर त्याच्या हातात चामडी हातमोज्यांची जोडी होती. आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जणू पक्षी खरोखरच माझ्या खांद्यावर बसलाय…

त्यानंतर मी कारणं काढून खाली जाऊ लागले. कधी चहाच्या यंत्रात वर पाणीच नसायचं, कधी जिना उतरणं तब्येतीला चांगलं असायचं. तो मुलांच्या वाहिनीवरच्या 'ढब्बू' या मालिकेचे आवाज करायचा. ढब्बू म्हणजे एक कापडी पाणघोडा. जेवला की त्याच्या पोटातून गुरगुर व्हायची, मागून पुर्रर्र व्हायचं, आणि तो लाजत लाजत म्हणायचा, "माफ करा, पोट बोललं!" पोरं त्याच्यासाठी वेडी झाली होती.

"दार उघडण्याआधीच मला कळतं, तुम्ही आलात ते," तो एकदा म्हणाला. "तुमची टाच तिसऱ्या… नाही, सांगत नाही."

"सांगा ना!"

"तुम्ही दाराशी येऊन थांबता. मग केस सारखे करता. मग आत येता."

माझे कान तापले. "केसांचा काही आवाज येत नाही."

"बांगडीचा येतो," तो म्हणाला, आणि उगाचच छत्री उघड-मीट करत बसला.

हे असं चाललं होतं. छान चाललं होतं. आणि मग एका संध्याकाळी बाबा घरी आले ते पांढरेफटक पडलेले.

माझे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. त्यांच्यासमोर मोठमोठ्या माणसांनी कधी जोरात खाकरलं नाही. त्या दिवशी एका शाळेच्या बक्षीस समारंभाला ते प्रमुख पाहुणे होते. भाषण सुरू होतं, ते एक क्षण थांबले आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून कुणीतरी तोंडाने 'पुर्रर्र' केलं. मग सगळं सभागृह एका सुरात ओरडलं, "माफ करा, पोट बोललं!"

"सगळे हसले," बाबा म्हणाले. "शिक्षकसुद्धा." आईने पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं नाही.

त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि भडका उडाला. कुणी म्हणालं, मुलांना घाण शिकवतात. कुणी म्हणालं, मुलं हसली तर बिघडलं कुठे. पालक फलक घेऊन आमच्याच इमारतीच्या फाटकाशी उभे राहिले. चर्चेच्या कार्यक्रमात चार प्रौढ माणसं एकमेकांवर इतकी ओरडली की 'पाद' हा शब्द उच्चारावा की नाही यावरच सगळा वेळ संपला. आणि ती बातमी वाचायची वेळ माझ्यावर आली. मी वाचली. आवाज जराही हलू दिला नाही. नंतर थेट खाली गेले.

"ते मुख्याध्यापक माझे बाबा आहेत."

त्याचा कप ओठांपाशीच थांबला. "कोण?"

"माझे बाबा."

त्याने कप खाली ठेवला. मग कसंबसं हसला. "म्हणजे तुमच्याकडे चहाला यायचं राहिलंच."

"विनोद नको! तुम्ही त्यांचा चेहरा पाहिला असता ना…"

"मी कुणाला त्यांना हसायला सांगितलं नव्हतं. पोटाची लाज वाटून घेऊ नका, एवढंच तो पाणघोडा सांगतो."

"आणि लाज म्हणून काही असते की नाही?"

"असते. पण पोटाने काय घोडं मारलंय तिचं?"

मला हसू यायला लागलं आणि त्याचाच जास्त राग आला. मी दार आपटून निघाले. दोनच दिवसांत वाहिनीने माफी मागितली, 'ढब्बू' बंद केला आणि त्या खोलीला कुलूप लागलं. मी चहा वरच प्यायला लागले. पाणी असायचं यंत्रात. रोज असायचं.

महिनाही झाला नसेल. बाबांच्या पोटात अचानक असह्य कळा सुरू झाल्या. आतड्याला पीळ पडला होता. तातडीने ऑपरेशन झालं, नीट पारही पडलं. पण त्यानंतर त्यांच्या खोलीत रोज एकच प्रश्न घुमू लागला. डॉक्टर माझ्याच वयाची, चटपटीत मुलगी. आत आली की पहिलं विचारायची, "काय सर, गॅस पास झाला का?"

बाबा भिंतीकडे तोंड वळवायचे. "नाही."

तो झाला म्हणजे आतडी कामाला लागली. तोवर खाणं नाही, पिणं नाही, फक्त सलाईन. आम्ही मायलेकी डोळे लावून बसलो होतो. त्या दुपारी डॉक्टरने पोट तपासलं आणि आम्हा दोघींना बाहेर बोलावलं.

"आवाज आहेत, पण पुढे काही सरकत नाहीये. संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर स्कॅन, आणि कदाचित… पुन्हा उघडावं लागेल. थिएटरला मी कळवून ठेवते."

आई खुर्चीत बसलीच. पुन्हा? या वयात? आणि तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

तोच होता. दाढी वाढलेली, हातात पाण्याची बाटली.

"चार दिवस बातम्या दुसरंच कुणी वाचतंय," तो म्हणाला. "वर विचारलं, तेव्हा कळलं."

मी त्याच्याशी भांडले होते हे मला आठवलंच नाही. मी भडाभडा सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दोघी थोडा वेळ बाहेर बसा. मी त्यांच्यापाशी बसतो."

"पण तुम्ही कोण म्हणून…"

"ऑफिसातला एक माणूस म्हणून."

आई बाकावर बसली. मी मात्र दाराच्या फटीशी उभी राहिले. खोटं कशाला सांगू?

"सर, फार दुखतंय का?" तो विचारत होता.

"नाही."

"त्या डॉक्टरबाई विचारतात ते… झालं का?"

बाबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. त्याने खुर्ची जवळ ओढली. "सर, मी पुरुषमाणूस आहे, तुमच्या ओळखीचाही नाही. उद्या रस्त्यात भेटलो तर ओळख दाखवू नका. पण पादलात का, एवढं सांगा."

बाबांसमोर! हा शब्द! आता उठून त्याला हाकलतील असं वाटलं. पण बाबांचा आवाज आला तो इतका बारीक, की तो त्यांचाच का, मला कळेना.

"काल सकाळी," ते म्हणाले. "आणि… नंतरही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? ती मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. शेजारी लेक, बायको. आयुष्यभर ज्यांच्यासमोर… एकदा नाही म्हणून बसलो. मग दर वेळी तेच म्हणत राहिलो."

मी सुन्न झाले. माझे बाबा उपाशीपोटी, कोरड्या घशाने, दुसऱ्या ऑपरेशनच्या दारात पडून होते… एका शब्दासाठी!

"मी सांगू त्यांना?" त्याने विचारलं.

"नको." बाबा थोडे उठून बसायला लागले. "मी सांगतो. बोलवा."

डॉक्टर धावतच आली. बाबांनी चादर नीट केली, चष्मा लावला आणि समारंभाला बोलतात तसे म्हणाले, "डॉक्टर, वायू सरला आहे. कालपासून. मी आपल्याशी खोटं बोललो."

"सर!" ती किंचाळलीच. "मी थिएटर तयार ठेवायला सांगितलंय!" मग पुन्हा पोट तपासलं, आणखी दोनचार प्रश्न विचारले आणि मोठा सुस्कारा सोडला. "स्कॅन तरी करूनच घेऊ. पण आता घोट घोट पाणी द्या यांना. आणि यापुढे मला सगळं सांगायचं. सगळं!"

आई रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. बाबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटून. मग त्या ऑफिसातल्या माणसाकडे वळले.

"तुम्ही काय काम करता?"

मी मानेनेच 'नको, नको' खुणावलं. त्याने पाहिलं, आणि तरीही सांगितलं.

"मुलांच्या मालिकेसाठी आवाज करायचो, सर. ढब्बू पाणघोड्याचे."

आईच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तो… तो आवाज? तुमचा?"

"हो."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला तो कार्यक्रम आवडत नाही," शेवटी म्हणाले. "आजही नाही. सभेत तसले आवाज काढायला मुलांना शिकवू नये."

"पटतं, सर."

"पण मला लागलं ते वेगळंच. ती पोरं माझ्या भाषणाला कंटाळली होती. ते मला दिसत होतं, तरी मी बोलत होतो." थोडं थांबून ते म्हणाले, "उद्या या. आलात तर बसा जरा."

तो बाहेर पडला तशी मी त्याच्यामागे धावले. जिन्याच्या वळणावर गाठलं. खिडकीतून दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं, खाली कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं.

"थांब ना!"

तो वळला. मी त्याला 'थांबा' म्हणाले नव्हते, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"नोकरीचं काय झालं?" मी भलतंच विचारलं.

"ढब्बू काही परत येत नाही. वाहिनी घाबरली ती घाबरलीच. पण जंगलावरच्या एका माहितीपटाचं काम मिळालंय. सगळी झाडं आणि वारा. कुणाची तक्रार येणार नाही."

"वाईट वाटतं?"

"पोरांचं वाटतं. खूप हसायची…" तो पायरीकडे बघत राहिला. "आणि तुझं वाटत होतं. दार आपटून गेलीस ना, तो आवाज काही केल्या कानातून जाईना."

मी दोन पायऱ्या खाली उतरले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, शपथ. बातम्या वाचणारी बाई मी, पुढ्यात लिहिलेलं असल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," मी म्हणाले.

म्हणाले, आणि स्वतःच हादरले. हात तोंडावर गेला. बाबा आत सलाईनवर, केस चार दिवस न विंचरलेले, अंगावर चुरगळलेला कुडता… आणि हे मी काय बोलून बसले?

तो खाली पायरीवरच बसला. धपकन. चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता, नंतर तो हळूहळू परत आला, आधी कानांत, मग गालांवर.

"काय?" तो म्हणाला. "पुन्हा म्हण."

"ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पण विश्वास बसत नाही."

मी त्याच्या शेजारी बसले, इतकी जवळ की खांद्याला खांदा लागला. एक परिचारिका आमच्याकडे बघत वर गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले, आणि मग पुन्हा म्हटलं. या वेळी हळू.