अंगरख्याचा डाव

भट्टी निवत आली की तिच्या उबेला पोरं जमतात, आणि हू आजोबा आवाज न चढवता सांगू लागतात. गोष्ट चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या जिंगदेझेनच्या याच गल्लीतल्या बाओलिनची. आजोबांच्या चांगल्या ओळखीतला तो.

बाओलिन जुन्या भांड्यांची हुबेहूब नक्कल करायचा. शेजारच्या तानआजी त्याच्याकडे तडा गेलेली ताटली घेऊन आल्या, तारेचे टाके घालायला. पणज्याच्या वेळची, पांढरीशुभ्र, काळ्या रेघांनी रंगवलेली. वर क्रुसावर येशू, खाली त्याचा लांब अंगरखा मध्ये ठेवून, तो कुणाला मिळणार यासाठी फासे टाकणारे तीन शिपाई. नाताळला आजी तिच्यापुढे मेणबत्ती लावत.

बाओलिननं नाक मुरडलं. "असला कसला देव, आजी? अंगावरचा कपडा राखता आला नाही त्याला."

आजी हसल्या. "तुझा तू राख म्हणजे झालं, बाळा."

या भाबड्या म्हातारीला काय कळतंय, असं म्हणत त्यानं नक्कल बनवली, तिला तसाच तडा पाडला, चहाच्या पाण्यात उकळून जुनाट केली आणि टाके घालून आजींच्या हातात दिली. खरी ताटली कपाटात. सोमवारी पहाटेच्या बाजारात विकायची.

डिसेंबरचा दुसरा रविवार. रात्रीचे सव्वाबारा. तिसरं बटण तुटलेला निळा कोट खुर्चीवर टाकून तो आडवा झाला. कपाटात टिकटिक झाली. उंदीर असेल, मेला.

टिक... टिक...

फासे. वाडग्यात पडावेत तसे.

मग कुणीतरी हसलं. दबकं. एक नव्हे... तिघं.

त्यानं दिवा लावला. कपाट बंद. दाराला कडी. खुर्ची... रिकामी.

"कोण आहे?"

मरायला टेकलेल्याच्या कपड्यावर डाव मांडतात, हे त्याला ठाऊक होतं. चित्र त्यानंच रेघ न रेघ उतरवलं होतं.

न बघताच त्यानं ताटली फडक्यात गुंडाळली आणि तसाच थंडीत धावला. आजींच्या दारात सगळं कबूल केलं. आजींनी आपली गोधडी त्याच्या अंगावर घातली, गरम पेज पुढे ठेवली. "दिलीस ना परत? आता भिऊ नकोस."

बाओलिन जगला. कोट मात्र सापडला नाही.

दोन्ही ताटल्या आजींच्या घरी शेजारी शेजारी आहेत. नकलेवर अंगरखा लांबच आहे. खरीवर शिपायांच्या मध्ये आखूड कोट आहे.

तिसरं बटण नाही.