लीलाधर भाऊजींचा नंबर

“पोरी, तेनी जागा आखाजी लगून कोनले देऊ नको.”

सासूबाई असं म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते.

यातलं काही रचलेलं नाही. धुळ्याला, देवपुरात, आमच्याच घरात घडलं. एप्रिल १९९९. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा रविवार, भर दुपार.

पुढच्या खोलीत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. माझे धाकटे दीर, लीलाधर भाऊजींनी उभा केलेला. सगळ्या मशीन वायरींनी एका मुख्य मशीनला जोडलेल्या. त्या मुख्य मशीनला भाऊजींनी एक नंबर कायमचा ठरवून दिला होता. घराचा पत्ता असतो ना, तसा. तो बदलला की बाकीच्यांना ती सापडायचीच नाही.

जानेवारीत सोनगीरजवळ ट्रकने भाऊजींना उडवलं.

मागोमाग ती मशीनही जळाली. माझ्या मिस्टरांनी, अभिमन यांनी, नवी आणली. तिला तोच नंबर द्यायचं ठरलं.

आमच्याकडे वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात. तोवर त्याची जागा त्याचीच, असं सासूबाईंचं म्हणणं.

“आत्याबाई, नंबर आहे तो. जेवायचा पाट नाही काही!” मी त्यांना म्हटलं.

“माय, मशीनले कसानी आखाजी?” हेही हसले.

ह्यांनी नंबर टाकला.

पडद्यावर सूचना आली... हा नंबर दुसरी मशीन वापरते आहे.

बाकी सगळ्या मशीन बंद होत्या.

ह्यांनी त्यांच्या वायरीही उपसल्या. पुन्हा नंबर टाकला.

पुन्हा तेच.

सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात, त्या डब्याकडे माझं लक्ष गेलं. एका रिकाम्या भोकाजवळचा हिरवा दिवा... लुकलुकत होता.

“अहो, राहू द्या. दुसरा नंबर द्या.”

“थांब गं. बघू तरी कोण आहे.”

त्या नंबरावर कुणी आहे का, हे विचारायची एक आज्ञा असते. ती ह्यांनी टाइप केली.

लगेच उत्तर आलं.

हे पडद्याजवळ वाकले. मग अगदी हळू म्हणाले, “लीला... सोड ना रे आता.”

दिवा विझला.

मशीनने नंबर घेतला.

सगळं सुरळीत झालं, असं मला वाटलं. पण त्या संध्याकाळी आमची मंजू, दोन वर्षांची, बापाच्या मांडीवर जाईना. दाराआडून नुसती बघत राहिली. आणि ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत नाही.

जूनमध्ये हे नवा क्लास काढायला एकटेच जळगावला गेले. काल फोन आला.

“मंजू बरी आहे ना, वहिनी?”

मला वहिनी म्हणणारं माणूस या घरात एकच होतं.

“अहो... मी बोलतेय. प्रमिला.”

“हो, वहिनी. ओळखलं ना.” आवाज ह्यांचाच होता. “महिनाअखेरीला येतो. तुम्हा दोघींना न्यायला.”

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आणि मंजूला घेऊन तिकडे जायचं धाडस होत नाही.

तुमच्यापैकी कुणी जळगावला, नवी पेठेत राहत असाल, तर कृपा करून त्यांच्याकडे एकदा डोकावून या. जिन्यावर नवीन क्लासची पाटी आहे. आत शिरू नका. दारातूनच “अभिमन” अशी हाक मारा...

वळून बघतात का, तेवढंच मला कळवा.