दोन मजले जास्त

जवळ सरका, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही.

गेल्या साली मी एका जुन्या घराच्या तळमजल्यावर वायरिंगचं दुकान चालवत होतो. मागच्या खोलीत झोपायचो. शेजारी मालकीणबाई. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. वरच्या मजल्यावर कॉलेजचा एक मुलगा भाड्याने राहायचा. त्याच्यावर गच्ची. एवढंच घर.

नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी सिस्टरनी मला त्याच्या खोलीतली ट्यूब बदलायला पाठवलं. पोरगा पहिल्या वर्षाला, टेबलभर फिजिक्सच्या गणितांचे कागद. अमुक उंचीवरून दगड सोडला तर किती सेकंदांत खाली येईल, असली गणितं.

मी स्टुलावर चढलो तर म्हणाला, "काका, हे घर किती मजली?"

"डोळे आहेत ना तुला? दोन."

"मग माझं उत्तर चुकतंय."

चार रात्री तो एक आवाज ऐकत होता. बरोबर एक चाळीसला वरून कुणीतरी 'दादा' म्हणून ओरडायचं. हाक मध्येच तुटायची, खिडकीसमोरून काहीतरी खाली जायचं आणि गल्लीत धप्प. वाकून पाहावं तर खाली कुणी नाही. शेवटच्या दोन रात्री त्याने मोबाइलवर वेळ मोजली होती.

"हाकेपासून आवाजापर्यंत एक पूर्णांक सहा सेकंद. दोन्ही वेळा. त्यावरून उंची येते साडेबारा मीटर. म्हणजे चार मजले, काका. आपली गच्ची जेमतेम सात मीटर."

"मांजर असेल रे."

"मांजर दादा म्हणत नाही."

खाली आल्यावर मी सिस्टरना हसत हसत हे सांगितलं. त्या चादरीची घडी घालत होत्या. हात थांबले.

"घर चार मजलीच होतं," त्या म्हणाल्या. "वरचे दोन मी पाडून घेतले. माझ्या नवऱ्याने त्यांच्या धाकट्या भावाला तिथून खाली टाकलं."

"त्याला सांगा, रात्री दार उघडू नकोस. काहीही ऐकू आलं तरी."

मी लगेच वर जाऊन सगळं सांगितलं. पोराने मान हलवली. पण पोरगं मनाने फार चांगलं होतं, तेच नडलं. पुढचं त्याने मला दवाखान्यात सांगितलं, आणि खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं?

रात्री तो गणितंच सोडवत बसला होता. एक पस्तीसला वरून आवाज आला. हाक नव्हती. कुणीतरी कुणाला तरी मारत होतं. लोखंडाने. फटका, मग कण्हणं. परत फटका. त्याने घड्याळ पाहिलं. अजून पाच मिनिटं होती. त्याच्या मनात आलं, आत्ता गेलो तर पडायच्या आधी पोचेन.

त्याने दार उघडलं.

जिना चढला. गच्चीचं दार यायला हवं होतं. आलं नाही. पायऱ्या पुढे होत्या. तो चढत राहिला. आणखी एक मजला. मग आणखी एक.

वरची खोली उघडी होती. एक धिप्पाड माणूस पाठमोरा उभा. हातात पाइप. समोर दुसरा गुडघ्यांवर. त्याचं डोकं फुटलेलं. एक कान लोंबत होता. रक्त हनुवटीवरून टपटपत होतं.

त्याने पोराकडे पाहिलं.

"सोडव..."

पोराने मागून त्या माणसाच्या कमरेला मिठी मारली. दगड धरल्यासारखं गार अंग. कोपर बसलं. बरगडी मोडल्याचं पोराने स्वतः ऐकलं. तरी सोडलं नाही. दुसरा घाव खांद्यावर. हात सुटले. त्या माणसाने भावाला मानेला धरून उचललं. खिडकीपाशी नेलं.

"दादा..."

हाक तुटली.

पोरगा मनात मोजत होता. खालून आवाज आला.

मग तो माणूस वळला.

चेहरा कसा होता, मी विचारलं. पोराने भिंतीकडे तोंड फिरवलं... मी पुन्हा विचारलं नाही.

तो एवढंच म्हणाला, की त्या माणसाने पाइप उगारला. पोरगा मागे सरकला. एक पाऊल. दुसरं पाऊल ठेवायला जमीन नव्हती.

वर गच्चीत काहीतरी जोरात आदळलं, त्या आवाजाने मी जागा झालो. सिस्टर बॅटरी घेऊन जिन्यातच होत्या. गच्चीचं दार नेहमीसारखं जागच्या जागी, उघडं. पोरगा गच्चीच्या मधोमध पडला होता. दोन्ही पाय मोडलेले. खांदा गेलेला. वर नुसतं आकाश.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा उंचावरून पडलाय. कुठून?"

मी काय सांगणार? गच्चीवरून गच्चीवर?

पोरगा वाचला. आता काठी टेकत चालतो, दुसऱ्या गावी राहून शिकतोय. सिस्टरनी घर सोडलं, मीही.

पण त्या पहाटे दवाखान्यातून परतल्यावर मी एकटा गच्चीचं दार लावायला गेलो होतो. पोरगा पडला होता तिथे काही नव्हतं, त्याची हाडं मोडली होती, पण रक्त कुठून आलं नव्हतं. तिथून चार हात लांब, कठड्याजवळ रक्ताचं थारोळं होतं. भोवती शिंतोडे लांबवर उडालेले. उंचावरून, त्या पाडलेल्या खोलीतून थेंब थेंब पडावेत, तसे.

मी बोट लावून पाहिलं.

ते कोमट होतं.