मामीचा नवा चष्मा

"तराफ्याला पिंपं चार की सहा?" यावर तिघा भाचरांची खडाजंगी चाललेली असतानाच मामीने चहा कपाऐवजी थेट टेबलावर ओतला!

"मामी!" ढोल गरजला. त्याचा आवाज ऐकूनच ते नाव पडलं होतं.

"हा नवा चष्मा!" बंदरावर क्रेन चालवणारी मामी कपाळ दाबत म्हणाली. "काल बंदरावर सरावाला क्रेनने पेटी उतरवली, ती खुणेपासून हातभर लांब. उद्या परीक्षेत तसंच झालं, तर मोठी क्रेन मिळते कसली!"

"परीक्षेची धास्ती, दुसरं काय!" मामाने वर्तमानपत्राआडून निदान केलं. "चष्मेवालाही म्हणाला ना, होईल सवय!"

शंकासुर मात्र विचारात पडली. बारा वर्षांच्या या भाचीचं बारसं मामानेच केलं होतं, कारण पुराव्याशिवाय तिला काही म्हणजे काही पटत नसे.

"मामी, एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाच बरं."

उजव्या डोळ्याने मामीने घडाघडा वाचलं. डाव्याला तारखा पुसट! धास्ती काही एकाच डोळ्याला बसत नाही.

मामीचा जुना चष्मा सोफ्यावर राहिला होता आणि मामा त्यावर बसला होता, म्हणून तर नवा करावा लागला. काड्या मोडल्या तरी भिंगं शाबूत होती. शंकासुरने तो खिडकीच्या गजांसमोर धरला. "मामीचा डावा डोळा जास्त अधू. तिच्या भिंगाचा नंबर जितका मोठा, तितके गज बारीक दिसतात. बघा, डावीकडे बारीक!"

"नव्यातही डावीकडेच!" नवा चष्मा गजांसमोर धरून ढोल ओरडला.

"अरे ढोल्या, तू उलट्या बाजूने बघतोयस!" धाकटी पिपाणी किंचाळली. "घालणाऱ्याचा डावा धरायचा, तुझा नव्हे!"

ढोलने चष्मा फिरवला. बारीक गज उजवीकडे गेले!

मामीला घेऊन तिघांनी तडक दुकान गाठलं.

"आमचं यंत्र कधी चुकत नाही, बाळ," चष्मेवाले काका हसले.

"म्हणून तर आलो, काका! दोन्ही चष्मे यंत्रावर लावून आकडे मोठ्याने वाचाल?"

काका खुलले. गिऱ्हाइकांनीही माना वळवल्या. "जुना. उजवं दीड, डावं तीन. नवा. उजवं तीन, डावं... दीड?" त्यांनी पुन्हा यंत्रात डोकावून पाहिलं.

"यंत्र नाहीच चुकलं," शंकासुर म्हणाली. "भिंगं कोणी बसवली?"

आतल्या कारागिराने फ्रेम समोर धरून, स्वतःच्या उजवीकडचं तेच मामीचं उजवं मानलं होतं.

"परवा देतो बदलून," काका पुटपुटले.

"परीक्षा उद्या आहे!" ढोलने बाकावर ठाण मांडलं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत आवाजात सारी हकिगत ऐकवायला सुरुवात केली. डाव्या-उजव्या भिंगांचे आकार वेगळे, नुसती अदलाबदल चालली नसती; काकांनी घाईघाईने कारागिराला नवी भिंगं घासायला बसवलं. दिवेलागणीआधी चष्मा तयार! मामी तो ओढणीने पुसणार, तोच पिपाणीने हात धरला. "आधी पाण्याने धू! धुळीने ओरखडे पडतात."

दुसऱ्या दिवशी बंदराच्या कुंपणाबाहेर मामासोबत तिघं श्वास रोखून उभी होती. उंचावरून पेटी डुलत खाली आली, क्षणभर थबकली आणि पांढऱ्या चौकटीत नेमकी टेकली! परीक्षकांनी अंगठा उंचावला.

"बघ, उगाच घाबरत होतीस!" खाली उतरलेल्या मामीला मामा म्हणाला.

"मी घाबरले नव्हतेच. ते तुम्ही ठरवलंत," मामीने तिघांना जवळ ओढलं. "या माझ्या वाघांनी तपासून पाहिलं!"

मामाने घसा खाकरला. "शंकासुर," तो हळूच म्हणाला, "माझाही चष्मा एकदा बघतेस का?"