राखेच्या पेटीजवळ

ऐकणाऱ्याला पटो न पटो, कुरुदमध्ये हे घडलं. फेब्रुवारी १९८९, मंगळवार. घरातला शेवटचा साधा दिवस.

मारोतराव अंगणातल्या शेडमध्ये राइस मिलचा धान सोलायचा झिजलेला रोल नव्या थराने भरत होते. धातूच्या भुकटीत सिरॅमिकचे कडक दाणे मिसळायचे, गॅसच्या ज्योतीने वितळवत थरावर थर चढवायचा. मग तापलेला रोल पेटीत, धानाच्या भुशाच्या राखेत पुरायचा. लवकर निवला, तर तडकायचा.

"वसू, पेटीले हात नको लावू."

"मले भांड्यांतून फुरसत भेटन तवा न, बाबा!"

ते हसले.

ते जेवायला बसले, तेव्हा वसुंधराने भांडी घासायला त्याच पेटीतली डबडंभर राख काढली.

बुधवारी रोल निघाला... आडवा तडकलेला.

"थरात दाणेच कमी हायेत! महागडे दाणे खाल्ले कोणीतरी!" मिलवाला ओरडला.

दाणे भागीदार भैयालालच्या ताब्यात असत. मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. संध्याकाळी छातीत कळ आली, आणि ते गेले.

सगळ्या वस्तीने भैयालालला चोर ठरवलं.

वसुंधराने राखेचं कोणाला सांगितलं नाही.

तेरवी झाली. दुसऱ्या दुपारी बंद शेडमधून आवाज आला...

टक्.

थर नीट बसला का, हे मारोतराव हातोडीने असंच ठोकून बघत.

तिने कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. पेटीचा तळ दिसत होता.

परत आली, तर मोरीजवळचं राखेचं डबडं... रिकामं. पुसल्यासारखं.

भैयालालच असणार. दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. तिने कुलूप बदललं. डबडं चुलीतल्या राखेने भरून ठेवलं.

पुढच्या दुपारी... टक्. टक्.

डबडं पुन्हा रिकामं.

तिसऱ्या दुपारी भैयालाल स्वतःच अंगणात आला. दाढी वाढलेली.

"बिटिया, मुझे कोई चाय तक नहीं पूछता. तू तो बता, मैंने चोरी की?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात...

टक्.

भैयालाल तिच्यासमोर उभा होता. नव्या कुलपाची किल्ली तिच्या मुठीत.

"अंदर कौन है?"

दोघांनी खिडकीतून पाहिलं. पेटी काठोकाठ भरलेली. राखेवरची हवा थरथरत होती, खाली काही तापलेलं असावं तशी.

टक्... टक्...

मग थांबलं. कोणी कान देऊन उभं असावं, तसं.

भैयालालचे ओठ पांढरे पडले होते. तो पळाला नाही. तिच्याकडेच बघत राहिला.

वसुंधराने खिडकीचा गज धरला. तो गरम होता. तिने सोडला नाही.

"भैयालालकाकांनी काही नाही केलं, बाबा. राख म्या काढली होती."